कॅशेच्या ताफ्यात फाइल कुठे आहे, हे विचारायचं की मोजून काढायचं?

मला समजलेला तुमचा प्रश्न असा. पाच डेटा सेंटर आहेत, प्रत्येकात दहा कॅशे सर्व्हर (मूळ फाइलींच्या प्रती वाचकाजवळ ठेवणारे), आणि सगळ्यांच्या मागे एकच मूळ सर्व्हर. सुरुवातीला ज्या कॅशेकडे फाइल नसेल तो बाकीच्यांना विचारत असे. ते मंद पडू लागलं, म्हणून तुम्ही यूआरएलचा हॅश (मजकुरावरून सूत्रानं निघणारा आकडा) काढून त्याला सर्व्हरच्या संख्येनं भागायचं आणि जी बाकी उरेल त्या क्रमांकाच्या सर्व्हरकडे विनंती पाठवायची, अशी व्यवस्था केली. ती बरी चालली. पण एका डेटा सेंटरमध्ये अकरावा सर्व्हर जोडताच मूळ सर्व्हरवर विनंत्यांचा लोंढा आला आणि तो बंद पडला. आता तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत: मध्यवर्ती नोंदवही, डिस्ट्रिब्यूटेड हॅश टेबल (सगळ्या मशीनांमध्ये वाटून ठेवलेली नोंदवही), किंवा पुन्हा शेजाऱ्यांना विचारणं.

माझं मत स्पष्ट आहे: तिन्ही नकोत. डेटा सेंटरच्या आत राँदेव्हू हॅशिंग वापरा, डेटा सेंटरांच्या आपसातली शोधाशोध बंद करा आणि मूळ सर्व्हरपुढे कॅशेचा आणखी एक थर उभा करा. हे का, ते आता विस्तारानं सांगतो, कारण कारणं कळली नाहीत तर पुढच्या बदलाच्या वेळी हाच गोंधळ दुसऱ्या रूपात होईल.

सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. कॅशेमध्ये फाइलच्या जागेचा अंदाज चुकला तर वेळ जातो, उत्तर चुकत नाही. फाइल तिथे नसली तर मूळ सर्व्हरकडून आणता येते. डेटाबेसला ही मोकळीक नसते. तिथे ‘ही नोंद कोणाकडे आहे’ याचं चुकीचं उत्तर म्हणजे हरवलेली नोंद. म्हणून डेटाबेससाठी बांधलेली यंत्रणा, म्हणजे सगळ्या मशीनांचं एकमत, लॉक, समन्वयासाठी वेगळे सर्व्हर, ही कॅशेच्या वाटेत आणली की तिचा भार प्रत्येक विनंतीवर पडतो आणि त्या बदल्यात मिळणाऱ्या हमीची कॅशेला गरजच नसते. कोणतीही शोधपद्धत तपासताना मी आधी एवढंच पाहतो: तिचा अंदाज बरोबर आला तर त्या विनंतीला किती वेळ लागतो, आणि चुकला तर किती?

या कसोटीवर शेजाऱ्यांना विचारणं कुठे बसतं ते पाहू. ही पद्धत एके काळी योग्यच होती. १९९० च्या दशकाच्या मध्यात हार्वेस्ट या संशोधन प्रकल्पातून श्रेणीबद्ध कॅशेची कल्पना पुढे आली आणि त्याच कोडमधून ड्वेन वेसल्स यांनी स्क्विड हे कॅशेचं सॉफ्टवेअर घडवलं. हे कॅशे एकमेकांशी ज्या भाषेत बोलायचे ती आयसीपी, म्हणजे इंटरनेट कॅशे प्रोटोकॉल. सप्टेंबर १९९७ मध्ये ती आरएफसी (इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज) २१८६ आणि २१८७ म्हणून नोंदली गेली. यूडीपीवरून (आधी जोडणी न करता पॅकेट पाठवण्याची पद्धत), सहसा ३१३० या पोर्टवर, एक छोटं पॅकेट सगळ्या शेजाऱ्यांकडे जातं: हा यूआरएल तुमच्याकडे आहे का? पहिलं ‘आहे’ आलं की तिथून फाइल घ्यायची. सगळ्यांचं ‘नाही’ आलं की मूळ सर्व्हरकडे जायचं. ‘आहे’ लवकर कळतं, पण ‘नाही’ कळायला सगळ्यांत मंद शेजाऱ्याची वाट पाहावी लागते, आणि एखादा बंद असेल तर टाइमआउट होईपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे जी विनंती आधीच लांबच्या प्रवासाला निघणार आहे, तिलाच दारात सगळ्यांत जास्त वेळ थांबवलं जातं. शिवाय पॅकेटांची संख्या सर्व्हरसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चार कॅशेंमध्ये प्रत्येकाचा एकेक मिस झाला, म्हणजे एकेक फाइल जवळ सापडली नाही, तर १२ प्रश्न फिरतात. सोळा कॅशे असतील तर २४०. तुमची व्यवस्था मंद पडली ती यामुळेच.

आयसीपीच्या प्रश्नात फक्त यूआरएल असतो, हेडर (विनंतीसोबत जाणारी भाषेसारखी जादा माहिती) नसतात. त्यामुळे शेजारी ‘आहे’ म्हणतो आणि प्रत्यक्षात निघते शिळी प्रत, किंवा दुसऱ्याच भाषेतलं पान. जानेवारी २००० च्या आरएफसी २७५६ मधल्या एचटीसीपीनं हेडर पाठवण्याची सोय केली. वाट पाहणं मात्र त्यानंही टळलं नाही.

त्या काळातली मला सगळ्यांत सुंदर वाटणारी कल्पना वेगळीच आहे. ली फॅन, पेई काओ, जुसारा अल्मेडा आणि आंद्रेई ब्रोडर यांनी १९९८ मध्ये सुचवलं की प्रत्येक कॅशेनं आपल्याकडच्या मालाचा सारांश आधीच शेजाऱ्यांना देऊन ठेवावा. सारांश ब्लूम फिल्टरच्या रूपात. ही रचना बर्टन ब्लूम यांनी १९७० मध्ये मांडलेली. एक लांब बिटांची ओळ घ्यायची, प्रत्येक यूआरएलवर काही हॅश फंक्शनं चालवायची आणि ती ज्या जागा दाखवतील तिथले बिट १ करायचे. एखादा यूआरएल आहे का हे पाहताना त्याच जागा तपासायच्या. एक जरी बिट ० असेल तर तो यूआरएल नक्की नाही. सगळे १ असतील तर बहुधा आहे. दर यूआरएलमागे १० बिट आणि ७ हॅश फंक्शनं धरली तर खोट्या ‘आहे’चं प्रमाण १ टक्क्याच्या खाली राहतं. दहा लाख फाइलींचा सारांश होतो एक कोटी बिटांचा, म्हणजे साधारण सव्वा एमबी. तेच यूआरएल जसेच्या तसे पाठवले आणि प्रत्येकाची लांबी ५० अक्षरं धरली, तर ५० एमबी लागतात.

एक अडचण उरते. कॅशेतून फाइल काढून टाकली तरी तिचे बिट ० करता येत नाहीत, कारण तोच बिट दुसऱ्या एखाद्या यूआरएलचाही असू शकतो. त्याच शोधनिबंधात यावरही उपाय आहे: कॅशेनं स्वतःपुरतं प्रत्येक बिटाच्या जागी चार बिटांचा छोटा मोजक ठेवायचा, आणि बाहेर पाठवताना फक्त ० किंवा १ पाठवायचा. स्क्विडमध्ये हीच कल्पना ‘कॅशे डायजेस्ट’ या नावानं आली. तिथे डायजेस्ट मूळच्या सेटिंगप्रमाणे दर तासाला नव्यानं बनतं. म्हणजे शेजाऱ्याकडची माहिती तासभर जुनी असू शकते, आणि तरीही सगळं नीट चालतं. चुकीच्या अंदाजाचा दंड फक्त वेळेचा असेल तर माहिती किती सैल असली तरी चालते, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण डायजेस्ट तुमच्यासाठी नाही. ज्यांचे कॅशे वेगवेगळ्या संस्थांच्या ताब्यात आहेत, ज्यांना कोणती फाइल कुठे साठेल हे ठरवता येत नाही, त्यांच्यासाठी ते आहे. तुमचे पन्नासही सर्व्हर तुमचेच आहेत. फाइल कुठे ठेवायची हे ठरवणारे तुम्हीच, मग ती कुठे ठेवली हे विचारत का फिरायचं? नियम एकच ठेवा आणि प्रत्येक सर्व्हरला तो नियम चालवून जागा स्वतः काढू द्या. मध्यवर्ती नोंदवही याच कारणानं बाद होते. ती प्रत्येक विनंतीत एक फेरी वाढवते, प्रत्येक साठवणीला आणि कॅशेतून फाइल काढण्याच्या प्रत्येक वेळी एक लेखन मागते, आणि ती बंद पडली की सगळे कॅशे भरलेले असूनही आंधळे होतात.

तुमचा भागाकारही जागा मोजूनच काढत होता. विचार बरोबर होता, सूत्र चुकीचं होतं. हॅशला १० नं भागून उरणारी बाकी आणि ११ नं भागून उरणारी बाकी सारखी असण्याची शक्यता फक्त ११ मध्ये १. म्हणजे अकरावा सर्व्हर आल्याक्षणी जवळजवळ ९१ टक्के यूआरएलचा मालक बदलला. फाइली डिस्कवर होत्याच, पण ज्या सर्व्हरकडे त्या होत्या त्याला आता कोणी विचारत नव्हतं. आदर्श व्यवस्थेत नव्या सर्व्हरकडे त्याचा न्याय्य वाटा, म्हणजे अकरावा भाग, साधारण ९ टक्के यूआरएल जायला हवेत आणि बाकी एकही हलायला नको.

हे साधणारी दोन सूत्रं जवळजवळ एकाच सुमाराला आली. कन्सिस्टंट हॅशिंग हे त्यांतलं जास्त गाजलेलं. एमआयटीमधल्या डेव्हिड कार्गर, टॉम लेटन, डॅनियल लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९९७ मध्ये मांडलं, आणि मांडलं ते वेब कॅशेवर एकाएकी येणाऱ्या गर्दीचा प्रश्न सोडवण्यासाठीच. त्यातूनच १९९८ मध्ये अकामाई ही जगभर कॅशे चालवणारी कंपनी उभी राहिली. (लेविन ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात फ्लाइट ११ मध्ये मारले गेले, वय अवघं ३१. आज इंटरनेटवर आपण जे काही उघडतो त्यातलं पुष्कळसं त्यांच्या कामावर उभं आहे, म्हणून नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही.) यात हॅशच्या सगळ्या किमती एका वर्तुळावर मांडतात, सर्व्हरही त्याच वर्तुळावर बसवतात, आणि यूआरएल ज्या बिंदूवर पडतो तिथून पुढे जो पहिला सर्व्हर भेटेल तो मालक. एका सर्व्हरला एकच बिंदू दिला तर वाटणी फार असमान होते, म्हणून प्रत्येकाला शंभर-दोनशे बिंदू देतात. शंभर बिंदूंना वाट्यातली तफावत साधारण १० टक्क्यांवर येते.

दुसरं सूत्र राँदेव्हू हॅशिंग. मिशिगन विद्यापीठातले डेव्हिड थेलर आणि चिन्या रविशंकर यांनी ते १९९६ मध्ये मांडलं. पद्धत इतकी सरळ आहे की आधी विश्वास बसत नाही. यूआरएल आणि सर्व्हरचं नाव एकत्र जोडून हॅश काढायचा, असं दहाही सर्व्हरांसाठी करायचं, आणि ज्याचा आकडा सगळ्यांत मोठा तो मालक. नवा सर्व्हर आला तर तो फक्त तेच यूआरएल घेतो ज्यांच्यासाठी त्याचा आकडा सगळ्यांत मोठा ठरतो. बाकीच्यांची उतरंड जशीच्या तशी राहते. एखादा सर्व्हर पडला तर त्याचे यूआरएल उरलेल्या सगळ्यांमध्ये सारखे विखुरतात, कारण प्रत्येक यूआरएलचा दुसरा क्रमांक वेगळा असतो. दहा सर्व्हरांसाठी दहा हॅश काढावे लागतात, पण आजच्या प्रोसेसरला तो खर्च एका नेटवर्क फेरीपुढे दिसतसुद्धा नाही. वर्तुळ सांभाळायचं नाही, बिंदूंची संख्या ठरवायची नाही, आणि पर्यायी मालक कोण हे आयतंच मिळतं. शेकडो सर्व्हरांपर्यंत मी डोळे मिटून हेच सुचवेन.

सर्व्हर सारख्या ताकदीचे नसतील तर वजन देता येतं. हॅशचं ० आणि १ मधल्या अपूर्णांकात रूपांतर करा, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या (तो ऋण येतो), चिन्ह बदला, आणि सर्व्हरच्या वजनाला त्यानं भागा. सगळ्यांत मोठा भागाकार जिंकतो, आणि प्रत्येकाचा वाटा बरोबर वजनाच्या प्रमाणात येतो.

हॅश फंक्शन निवडताना एका गोष्टीची काळजी घ्या. भाषेत आयतं मिळणारं हॅश फंक्शन वापरू नका. पायथनमध्ये ३.३ आवृत्तीपासून मजकुराचा हॅश मुळातच प्रत्येक प्रक्रियेत वेगळा येतो. ती सुरक्षेची सोय आहे आणि तिच्या जागी योग्यच आहे. पण इथे त्याचा अर्थ असा की प्रत्येक सर्व्हरच्या मते मालक वेगळा. मरमर किंवा एक्सएक्सहॅशसारखं ठरलेलं फंक्शन घ्या, ठरलेल्या सीडसह (सुरुवातीच्या आकड्यासह), आणि सर्व्हरची ओळख म्हणून त्याचं कायमचं नाव वापरा. आयपी पत्ता वापरला तर मशीन नव्या पत्त्यावर उठताच तिचा सगळा वाटा इकडेतिकडे जातो.

आता या पद्धतीचा खरा कच्चा दुवा. एका यूआरएलचा एकच मालक असेल तर एखादी फाइल अचानक गाजली की तिचा सगळा भार एकाच मशीनवर पडतो आणि बाकीच्या नऊ बसून राहतात. यावर दोन उपाय एकत्र करा. पहिला म्हणजे प्रत्येक सर्व्हरच्या रॅममध्ये, मालकी न पाहता, सगळ्यांत गरम, म्हणजे सगळ्यांत जास्त मागणीच्या, फाइलींसाठी एक छोटा कप्पा. त्यात फाइल अगदी थोडा वेळ, दोन-चार सेकंद जरी राहिली तरी पुरतं. ज्या फाइलला सेकंदाला हजारो विनंत्या आहेत तिच्यासाठी तेवढं खूप आहे. दुसरा म्हणजे भाराची मर्यादा. वाहाब मिररोक्नी, मिक्केल थोरुप आणि मोर्तेझा झादिमोघद्दम यांनी २०१६ मध्ये दाखवलं की कोणत्याही सर्व्हरवर सरासरीच्या ठरावीक पटीहून जास्त भार येऊ न देताही हलणाऱ्या यूआरएलची संख्या आटोक्यात ठेवता येते. विमिओ या व्हिडिओ कंपनीनं ही कल्पना हॅप्रॉक्सी या भार वाटणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणली. राँदेव्हूमध्ये ती बसवणं सोपं: पहिल्या क्रमांकाचा सर्व्हर सरासरीच्या सव्वा पटीच्या वर गेला असेल तर दुसऱ्या क्रमांकाकडे जा. थंड फाइलींवर याचा काही परिणाम होत नाही. गरम फाइल आपोआप दोन-तीन ठिकाणी पसरते.

कोण जिवंत आहे याची यादी प्रत्येक सर्व्हरकडे असावी लागते, आणि ती क्षणभर वेगवेगळी असणारच. घाबरू नका. दोन सर्व्हरांच्या मते मालक वेगळे असले तर फाइलच्या दोन प्रती होतात आणि काही मिस वाढतात, एवढंच. त्यासाठी विनंतीच्या वाटेत एकमताची यंत्रणा आणू नका. फक्त एक धोका खरा आहे: अ म्हणतो मालक ब, ब म्हणतो मालक अ, आणि विनंती दोघांत फिरत राहते. नियम करा की एका कॅशेनं दुसऱ्याकडे पाठवलेली विनंती पुन्हा शेजाऱ्याकडे जाणार नाही. ती ज्याच्याकडे पोचली त्यानं आपल्याकडून द्यावी किंवा वरच्या थराकडून आणावी. आत वापरायचं एक हेडर ठेवलं की हे होतं, पण बाहेरून आलेल्या विनंतीतलं तेच हेडर दारातच काढून टाका. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सीडीएनमध्ये (कॅशेंच्या जाळ्यांमध्ये) असे फेरे पडू नयेत म्हणून २०१९ च्या आरएफसी ८५८६ नं ‘सीडीएन-लूप’ हे हेडर ठरवलं, ते याच विचारातून.

सर्व्हर पडला असं किती लवकर मानायचं? मी इथे सावकाशीच्या बाजूनं आहे. दोन सेकंदांच्या अडखळण्यावर सर्व्हर यादीतून काढला आणि लगेच परत घेतला तर त्याचे यूआरएल दोनदा हलतात. विनंतीपुरतं ताबडतोब दुसऱ्या क्रमांकाकडे जा. यादीतून मात्र सलग अपयशानंतरच काढा. आणि परत घेताना एक तपासणी सक्तीची करा, कारण ती बहुतेक ठिकाणी सुटलेली असते. सर्व्हर बाहेर असताना तुम्ही ज्या फाइली रद्द केल्या, त्यांचे पर्ज संदेश त्याच्यापर्यंत पोचलेले नाहीत. तो परत येतो आणि मागे घेतलेली पानं आत्मविश्वासानं वाटू लागतो. चुकलेल्या अंदाजानं फक्त वेळ जातो असं मी वर म्हटलं, त्याला हा एकमेव गंभीर अपवाद. म्हणून पर्ज संदेशांना चढते क्रमांक द्या, त्यांची नोंद काही काळ जपून ठेवा, आणि परतणाऱ्या सर्व्हरनं शेवटच्या ऐकलेल्या क्रमांकापासून पुढचे सगळे पर्ज लागू केल्याशिवाय त्याला एकही विनंती देऊ नका. नोंद तितकी मागे जात नसेल तर त्याचा कॅशे रिकामा करा. जिथे जमेल तिथे पर्जची गरजच टाळा: फाइलच्या नावातच तिच्या मजकुराचा हॅश घाला, म्हणजे मजकूर बदलला की नाव बदलतं आणि जुनी प्रत कधीच खोटी ठरत नाही.

डिस्ट्रिब्यूटेड हॅश टेबलविषयी. कॉर्ड, पेस्ट्री, कॅन ही २००१ ची, केडेमलिया २००२ चं. या रचना मला फार प्रिय आहेत, पण त्या ज्या अडचणीसाठी जन्मल्या ती तुमची नाही. त्यांचं बळ यात आहे की कोणत्याही मशीनला सगळ्या मशीनांची यादी माहीत नसतानाही फाइल सापडते. कॉर्डमध्ये प्रत्येक नोड, म्हणजे मशीन, थोड्याच नोडांना ओळखतो आणि दहा लाख नोडांमध्ये साधारण दहा उड्यांत जागा मिळते. बिटटॉरेंटसारख्या ठिकाणी, जिथे लाखो अनोळखी मशीन येत-जात असतात, तिथे हे वरदानच. तुमच्याकडे पन्नास मशीन आहेत. त्यांची यादी एका छोट्या फाइलीत मावते. मग एका उडीत मिळणारी जागा अनेक उड्यांत का शोधायची? वेब कॅशेसाठीही हे प्रयोग झाले आहेत. २००२ चं स्क्विरल पेस्ट्रीवर उभं होतं. २००४ च्या कोरल सीडीएनला तर अंतराचा प्रश्न नेमका कळला होता: त्यानं नोडांचे गट केले, एक २० मिलिसेकंदांच्या आतला, एक ६० च्या आतला, एक जगभराचा, आणि शोध आधी जवळच्या गटात केला. त्यातली एक गोष्ट तुम्हीही घ्यावी अशी आहे: जवळ शोधणं आणि दूर शोधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे हजार किलोमीटरवरच्या शेजाऱ्याला विचारून उत्तर यायला, वाट अगदी सरळ असली तरी, किमान १० मिलिसेकंद. एकाच डेटा सेंटरमधली फेरी सहसा एका मिलिसेकंदाच्या आत होते. आत विचारणं जवळजवळ फुकट, बाहेर विचारणं महाग, आणि कधी कधी मूळ सर्व्हरच त्या लांबच्या शेजाऱ्यापेक्षा जवळ असतो. म्हणून पन्नासांचा एकच मोठा गट करू नका. दहा-दहांचे पाच स्वतंत्र गट ठेवा.

यात हिट रेट (कॅशेतूनच भागणाऱ्या विनंत्यांचं प्रमाण) कमी होईल ही भीती रास्त आहे, पण आकडेवारी ती फारशी खरी ठरवत नाही. वेबवरच्या विनंत्या झिफसारख्या वाटणीनं येतात: लोकप्रियतेत i क्रमांकाच्या फाइलला i च्या α घाताच्या व्यस्त प्रमाणात विनंत्या. ब्रेस्लाऊ, काओ, फॅन, फिलिप्स आणि शेंकर यांनी १९९९ मध्ये प्रॉक्सींच्या, म्हणजे वाचक आणि मूळ सर्व्हर यांच्यामधल्या कॅशेंच्या, नोंदी तपासल्या तेव्हा α ०.६४ ते ०.८३ निघाला. याचा परिणाम असा की कॅशे किंवा वापरकर्ते वाढवले की हिट रेट साधारण लॉगरिदमच्या चालीनं वाढतो: दरवेळी दुप्पट करा, दरवेळी तेवढीच छोटी भर. त्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटानं आपल्या विद्यापीठाच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या वाहतुकीवरून दाखवलं की कॅशेंचं सहकार्य लहान गटांना बरंच देतं. गट मोठा झाला की पुढच्या सहकार्याचा लाभ फार थोडा. तुमच्या प्रत्येक डेटा सेंटरमागे आधीच मोठी लोकसंख्या आहे.

जी थोडी भर राहते ती वरचा थर देतो. मूळ सर्व्हरच्या जवळ दोन-तीन कॅशे उभे करा, पाचही गटांचे मिस त्यांच्यातून जाऊ द्या, आणि तिथेही यूआरएलची वाटणी राँदेव्हूनंच करा. पाच गटांनी एकाच वेळी एकच नवी फाइल मागितली तरी मूळ सर्व्हरकडे एकच विनंती जाते. तीही तेव्हाच, जेव्हा कॅशे एकाच यूआरएलच्या एकत्र आलेल्या मिसांपैकी एकालाच पुढे सोडतो आणि बाकीच्यांना त्याच उत्तरासाठी थांबवतो. ही सोय बंद असेल तर आजच चालू करा. तुमचा सर्व्हर पडला त्या दिवशी निम्मं नुकसान इथेच टळलं असतं असा माझा अंदाज आहे. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३ मध्ये मेमकॅशे या रॅममधल्या कॅशेसाठी याच जातीची ‘लीज’ पद्धत मांडली, आणि त्यांच्या मोजणीत ज्या नोंदींवर झुंबड उडते त्यांच्यामुळे डेटाबेसवर येणारा कळसाचा भार सेकंदाला १७ हजार चौकशांवरून १,३०० वर आला. सोबत २०१० च्या आरएफसी ५८६१ मधलं ‘स्टेल-व्हाइल-रीव्हॅलिडेट’ वापरा, म्हणजे मुदत नुकतीच संपलेली प्रत वाचकाला मिळते आणि नवी मागच्या मागे आणली जाते. आणि मुदतींमध्ये थोडा यादृच्छिक फरक ठेवा. एकाच क्षणी भरलेल्या हजारो फाइली एकाच क्षणी शिळ्या होणं कोणालाच परवडत नाही.

डिस्कवर काय ठेवायचं हाही प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पुन्हा ब्लूम फिल्टर देतो. ब्रूस मॅग्ज आणि रमेश सीतारामन यांनी २०१५ मध्ये अकामाईच्या अनुभवातून लिहिलं की एका सर्व्हर-समूहावर दोन दिवसांत मागितल्या गेलेल्या फाइलींपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश एकदाच मागितल्या गेल्या. त्या डिस्कवर लिहिणं म्हणजे कामाच्या फाइलींना बाहेर काढणं. फाइल पहिल्यांदा आली की फक्त फिल्टरमध्ये खूण करायची, दुसऱ्यांदा आली की डिस्कवर ठेवायची. एवढ्यानं बाइटांचा हिट रेट ७४ टक्क्यांवरून ८३ टक्क्यांवर गेला आणि डिस्कवरचं लेखन जवळजवळ निम्म्यावर आलं.

वाटणी कशीही करा, हॅश ज्या मजकुरावर काढता तो आधी स्वच्छ करा. क्वेरीतले घटक वेगळ्या क्रमानं आले, जाहिरातींचा मागोवा घेणारी शेपटं चिकटली, की एकच फाइल पाच नावांनी पाच सर्व्हरांवर राहते आणि हिट रेट विनाकारण पडतो. ‘व्हेरी’मध्ये (कोणत्या हेडरनुसार वेगळ्या प्रती ठेवायच्या ते सांगणारं हेडर) ‘युझर-एजंट’ (ब्राउझरची ओळख सांगणारं हेडर) कधीही घालू नका. ब्राउझरच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी प्रत साठेल. मात्र साफसफाईत अतिरेक नको. ज्या हेडरवर मूळ सर्व्हरचं उत्तर अवलंबून आहे ते किल्लीतून (हॅश ज्या मजकुरावर काढता त्यातून) गाळलं तर एकाचं पान दुसऱ्याला जाईल. कॅशे पॉयझनिंगचे, म्हणजे कॅशेत बनावट उत्तर घुसवण्याचे, हल्ले याच फटीतून होतात.

वाचकाला योग्य डेटा सेंटरकडे नेणं हा वेगळा विषय आहे, त्यावर थोडक्यात. डीएनएसनं (साइटच्या नावावरून पत्ता देणाऱ्या यंत्रणेनं) केलं तर सर्व्हरला वाचक दिसत नाही, त्याचा रिझॉल्व्हर (त्याच्या वतीनं पत्ता विचारणारा सर्व्हर) दिसतो, आणि तो दूर असू शकतो. २०१६ च्या आरएफसी ७८७१ नं वाचकाच्या पत्त्याचा सुरुवातीचा भाग पाठवण्याची सोय केली, पण सगळे रिझॉल्व्हर ती वापरत नाहीत. एनीकास्टनं (सगळ्या डेटा सेंटरांना एकच पत्ता देऊन) केलं तर बीजीपी, म्हणजे नेटवर्कांमधल्या वाटा ठरवणारा प्रोटोकॉल, वाट निवडतं, आणि ते मिलिसेकंद मोजत नाही. पाच डेटा सेंटरांसाठी एनीकास्ट पुरेसं आहे.

आता बदल कसा करायचा. भागाकारावरून राँदेव्हूवर एका झटक्यात गेलात तर पुन्हा ९० टक्के यूआरएल हलतील आणि तोच लोंढा येईल. म्हणून नव्या मालकाकडे मिस झाला की त्यानं आधी जुन्या सूत्राप्रमाणे जो मालक होता त्याला विचारावं, आणि त्याच्याकडेही नसेल तरच वर जावं. दोघं एकाच डेटा सेंटरमध्ये आहेत, त्यामुळे ही जादा फेरी एका मिलिसेकंदाच्या आतली. जुन्या मालकानं या विनंतीसाठी स्वतः वर जायचं नाही, ‘नाही’ एवढंच सांगायचं. आधी एका डेटा सेंटरमध्ये करा. स्थानिक हिट, जुन्या मालकाकडून मिळालेले हिट आणि वर गेलेले मिस हे तीन आकडे वेगळे नोंदवा. एकत्र हिट रेट पाहिला तर काहीच कळणार नाही. जून २०२२ च्या आरएफसी ९२११ मधलं ‘कॅशे-स्टेटस’ हेडर यासाठी सोयीचं आहे, कारण वाटेतला प्रत्येक कॅशे त्यात आपली नोंद जोडतो. जुन्या मालकाकडून मिळणाऱ्या हिटांचा वाटा घसरत घसरत मिसांच्या शंभराव्या भागाखाली गेला की ती सोय काढून टाका आणि पुढचं डेटा सेंटर घ्या.